रंगमंचावर ‘डोरा’ म्हटले तर चालेल का?

पत्र

आदरणीय मॅडम,
मी भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुक्यातील एका लहान गावची आहे. नागपुरात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते आणि मुलींच्या वसतिगृहात राहते. पहिले वर्ष वर्ग, प्रयोगशाळा आणि खोली यांतच संपले. गॅदरिंगला गेले होते, पण ओळखीचे कोणीच नसल्यामुळे मागच्या रांगेत अर्धा तास बसून परत आले. यंदा प्राणिशास्त्राच्या सेमिनारमध्ये डोळ्याची रचना समजावून सांगताना घाबरून माझ्या तोंडून ‘डोरा’ असा शब्द निघाला आणि सगळा वर्ग हसला. तेव्हापासून काही मुले मला त्याच नावाने हाक मारतात. त्याच सेमिनारला बसलेल्या सांस्कृतिक विभागाच्या सरांनी मात्र माझा आवाज स्वच्छ आहे असे सांगून युवा महोत्सवाच्या एकांकिकेसाठी माझे नाव सुचवले. तालीम रोज साडेपाच ते साडेसात असेल. वसतिगृहाचे फाटक आठला बंद होते. बाबांना फोनवर सांगितले तर ते म्हणाले, ‘तुले शिकाले पाठवलं, नाटकं कराले नाही.’ त्यानंतर हिवाळी परीक्षाही आहेत. पंधरा दिवसांत नक्की कळव, असे सरांनी सांगितले आहे. माझ्यासारखे बोलणाऱ्या मुलीने रंगमंचावर जावे का, आणि जायचे असेल तर बाबांना काय सांगावे?
– नाव छापू नये ही विनंती

उत्तर

तू जावेस, असे मला मनापासून वाटते, आणि ते पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे पुढचे सगळे तुला निवांतपणे वाचता येईल. मात्र मी सांगते म्हणून जाऊ नकोस. कशासाठी जायचे आणि कोणत्या अटींवर जायचे, हे दोन्ही तुझ्या मनात स्पष्ट झाल्यावरच सरांना होकार कळव.

तुझ्या पत्रातील ‘मागच्या रांगेत अर्धा तास बसून परत आले’ या वाक्याशी मी बराच वेळ थांबले. महाविद्यालयातील संघ घेऊन मी वीसहून अधिक वर्षे युवा महोत्सवांना गेले आहे, आणि प्रत्येक वर्षी गॅदरिंगच्या संध्याकाळी सभागृहाच्या शेवटच्या रांगांत अशी मुले-मुली मला दिसत आली आहेत. त्यांना कार्यक्रम आवडत नाही असे नसते. समोर जे चालले आहे त्यात आपला कुठेही हात नाही, ही जाणीव त्यांना तिथे बसू देत नाही. आपण सांस्कृतिक कार्यक्रम म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर रोषणाई, टाळ्या आणि बक्षिसांचे करंडक येतात, पण माझ्या अनुभवात विद्यार्थ्याला जे मिळते ते त्या संध्याकाळी मिळत नाही, ते त्याआधीच्या पाच-सहा आठवड्यांत, रिकाम्या वर्गातली बाके भिंतीला सरकवून केलेल्या तालमीत मिळते. तिथे रोज त्याच दहा-बारा जणांनी यायचे असते, एकाचे वाक्य चुकले की सगळ्यांनी मागे जायचे असते, आणि एक जण आला नाही तर काम अडते.

आमच्याकडे गडचिरोलीकडचा एक मुलगा होता. दोन वर्षे त्याने रंगमंचावर पाऊल ठेवले नाही. लेव्हल म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे उचलणे, प्रवेश बदलताना अंधारात खुर्ची नेमक्या खुणेवर ठेवणे आणि सगळ्यांच्या चहाचा हिशेब ठेवणे, एवढीच कामे तो करीत असे. एकदा तापामुळे तो चार दिवस आला नाही. त्याच्या वर्गात ही गोष्ट कोणाच्या लक्षातही आली नव्हती, पण तालमीच्या पहिल्याच संध्याकाळी तिघे जण त्याची खोली शोधत निघाले. तुला नागपुरात वर्षभर जे मिळाले नाही ते नेमके हे आहे, असे तुझ्या पत्रावरून मला वाटते. त्यासाठी अभिनयच केला पाहिजे असेही नाही. प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, नेपथ्य, रंगभूषा, संहिता हातात धरून प्रॉम्प्टिंग करणे म्हणजे विसरलेले वाक्य हळूच सुचवणे, यांपैकी कोणतेही काम घेतलेस तरी तू त्या बारा जणांतली एक होशील.

बारा हा आकडा मी सहज लिहिलेला नाही. भारतीय विश्वविद्यापीठ संघाच्या युवा महोत्सवांत एकांकिकेला साधारण 30 मिनिटे मिळतात, रंगमंचावर जास्तीत जास्त 9 जण आणि साहाय्याला 3 जण असतात, आणि स्पर्धकाचे वय 25 वर्षांच्या आत असावे लागते. महाविद्यालयाचा संघ विद्यापीठाच्या पातळीवर निवडला गेला तर पुढे राज्यातील विद्यापीठांचा ‘इंद्रधनुष्य’ महोत्सव आणि विभागीय व राष्ट्रीय फेऱ्या असतात. तू सध्या त्या वाटेचा विचार करू नकोस. गॅदरिंगच्या चारशे-पाचशे जणांच्या गर्दीपुढे तुझा जीव घाबरला असला, तरी येथे प्रश्न अकरा माणसांची ओळख करून घेण्याचा आहे, आणि तो तुला झेपण्यासारखा आहे, एवढेच मला त्या आकड्यावरून सांगायचे होते.

आता भाषेविषयी. तू ज्या बोलीची लाज वाटून घेत आहेस, तिच्या मुलखात रंगभूमी जितकी जिवंत आहे तितकी महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असेल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईचे (गावच्या जत्रेचे) आणि शंकरपटाचे (बैलांच्या शर्यतींचे) दिवस सुरू झाले की होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटके चालतात. तुझ्या तालुक्याला लागूनच असलेले वडसा हे तर या मंडळ्यांचे माहेरघर आहे. त्या नाटकांना येणारा प्रेक्षक धानाची कापणी-मळणी करून आलेला शेतकरी असतो, आणि तो तिकीट काढून पहाटेपर्यंत बसतो. दंडार आणि खडी गंमत या लोककला त्याच मातीतल्या आहेत. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. झाडीबोलीची स्वतंत्र साहित्य संमेलने भरतात. ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘र’ होणे ही त्या बोलीची घडण आहे, आणि ‘डोरा’ हा शब्द त्या घडणीप्रमाणे अगदी बरोबर आहे.

याच ठिकाणी मला माझ्या हातून झालेली एक चूक तुला सांगितली पाहिजे. फार वर्षांपूर्वी पूर्व विदर्भातील एका मुलीला आम्ही एकांकिकेत आईची भूमिका दिली होती. पहिल्या वाचनात ती आपल्या घरच्या वळणाने बोलली आणि खोलीत शांतता पसरली, इतके ते खरे वाटत होते. पण स्पर्धेच्या परीक्षकांना काय वाटेल या भीतीने मी महिनाभर तिचा एकेक उच्चार दुरुस्त करीत बसले. प्रयोगाच्या दिवशी तिचे सगळे ‘ण’ आणि ‘ळ’ जागेवर होते आणि आई मात्र नाहीशी झाली होती, कारण तिचे सारे लक्ष जिभेकडे लागले होते. त्या मुलीने मला कधी बोल लावला नाही, तरी मला ते आजही टोचते. म्हणून तुझ्या सरांना पहिल्याच भेटीत विचार की, तुझी भूमिका कोणत्या गावच्या माणसाची आहे. ती खेड्यातील बाईची असेल तर तुझी बोली ही त्या संघाकडची मोठी पुंजी आहे, आणि तसे तू त्यांना नम्रपणे पण स्पष्टपणे सांगू शकतेस. ती शहरातील वकिलाची किंवा डॉक्टरची असेल तर प्रमाण उच्चार शिकावे लागतील, जसे नागपुरातल्या धरमपेठेत वाढलेल्या मुलाला शेतकऱ्याच्या भूमिकेसाठी तुझ्याकडून झाडीबोली शिकावी लागेल. त्यासाठी रोज पंधरा मिनिटे कोणताही उतारा मोठ्याने, सावकाश वाचावा, एवढा अभ्यास पुरतो. सेमिनारमध्ये आणि उत्तरपत्रिकेत शास्त्रीय परिभाषा वापरायचीच आहे, आणि ती तू वापरतेसही. दोन भाषा येणे आणि कोणती कुठे वापरावी हे कळणे, यात कमीपणा वाटण्यासारखे काहीही नाही.

तुला त्या नावाने हाक मारणाऱ्या मुलांबद्दल मात्र मला वेगळे आणि थोडे कडक बोलायचे आहे. एखाद्या दिवशीचे हसू सोडून देता येते. तेच नाव आठवडेच्या आठवडे चालू राहिले तर ती थट्टा राहत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी नियमांत, जे 2009 चे आहेत, 2016 मध्ये एक दुरुस्ती झाली आणि प्रदेश, भाषा, जन्मस्थान, जात, आर्थिक स्थिती अशा कारणांवरून एखाद्या विद्यार्थ्याला दिलेला मानसिक त्रासही, त्यात वेगळे पाडणेही आले, रॅगिंगमध्ये धरला गेला. हा नियम केवळ नव्या विद्यार्थ्यांसाठी नाही, तुझ्यासारख्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीलाही तो लागू आहे. आधी त्यांच्यातील जो मुलगा बरा वाटतो त्याला एकट्याला गाठून ‘मला हे नाव आवडत नाही, थांबवा’ असे सांग. बहुतेक वेळा एवढ्याने थांबते. न थांबल्यास वर्गशिक्षकांना लेखी कळव. तिथेही दाद लागली नाही तर 1800-180-5522 हा आयोगाचा निःशुल्क क्रमांक आहे. तक्रार केल्याने आपण भांडखोर ठरू, अशी भीती गावाकडून आलेल्या मुलींना फार वाटते, आणि त्या भीतीपायी त्या वर्षानुवर्षे गप्प राहतात. तू तसे करू नकोस.

वडिलांचे वाक्य तू जसेच्या तसे लिहिलेस, हे बरे झाले. ‘नाटकं कराले नाही’ असे म्हणणारा लाखांदूरकडचा माणूस स्वतः मंडईच्या रात्री घोंगडी घेऊन नाटकाला गेला नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. तेव्हा त्यांचा विरोध नाटकाला आहे असे गृहीत धरू नकोस. त्यांना न दिसणाऱ्या तीन गोष्टी आहेत, असे मला वाटते. मुलगी संध्याकाळी कोठे असेल, कोणाबरोबर असेल, आणि परीक्षेचे काय होईल. फोनवर घाईत ‘मी नाटकात भाग घेऊ का?’ असे विचारले तर यांपैकी कशाचेच उत्तर त्यांना मिळत नाही, आणि न कळलेल्या गोष्टीला बाप नाहीच म्हणणार. त्यामुळे येत्या सुटीत एसटीने गावी जा, आणि जेवणानंतर त्यांच्यासमोर बसून सांग. आधी त्यांनी पाहिलेल्या नाटकांविषयी विचार. मग तालमीचे ठिकाण, वेळ, सोबतच्या मुलींची नावे, सरांचा फोन क्रमांक आणि परीक्षेचे वेळापत्रक एका कागदावर लिहून त्यांच्या हातात दे. सरांनी स्वतः त्यांच्याशी दोन मिनिटे बोलावे, अशी विनंती कर. मी अशी शेकडो बोलणी केली आहेत, आणि ‘तुमच्या मुलीची जबाबदारी माझ्यावर’ एवढे शिक्षकाच्या तोंडून ऐकल्यावर बरेच वडील मऊ होतात.

आणखी एक गोष्ट त्यांना सांगण्यासारखी आहे. तू ज्या विद्यापीठाची पदवी घेणार आहेस ते 1923 मध्ये नागपूर विद्यापीठ म्हणून सुरू झाले, आणि 2005 पासून त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. महाराजांनी आयुष्यभर गावोगाव फिरून, खंजिरी वाजवीत, भजनातून लोकांना स्वच्छतेपासून शिक्षणापर्यंत सगळे काही शिकवले. तुमच्या गावातही सामुदायिक प्रार्थना होत असेलच. कलेने शिक्षणात खंड पडत नाही, हे त्यांना पटवायला यापेक्षा जवळचे उदाहरण मला तरी सुचत नाही.

परीक्षेच्या भीतीला मी कमी लेखत नाही, म्हणून हिशेबच मांडते. रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस, असे पाच आठवडे धरले तर 60 तास होतात. शेवटच्या आठवड्यात रंगीत तालमी लांबतात, त्याचे आणखी दहा तास धर. हे तास वसतिगृहात संध्याकाळी सध्या कसे जातात, ते आठवडाभर वहीत लिहून पाहा. अभ्यासाचेच जात असतील तर पहाटेचा एक तास वाढवावा लागेल. मोबाइलवर जात असतील तर तुला काहीच गमवावे लागणार नाही. प्रात्यक्षिकांच्या नोंदवह्या मात्र तालमी सुरू होण्यापूर्वी तपासून सह्या घेऊन ठेव, कारण शेवटच्या पंधरा दिवसांत नाटकातील प्रत्येक विज्ञान शाखेचा विद्यार्थी याच एका गोष्टीने रडकुंडीला येतो. महोत्सवाच्या दिवसांची हजेरी कशी धरली जाईल, हे आधीच प्राचार्यांच्या कार्यालयातून लेखी घे, तोंडी आश्वासनावर राहू नकोस. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या अभ्यासक्रमात सांस्कृतिक कार्य, क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना अशा सहअभ्यासक्रमांना श्रेयांक (क्रेडिट) आहेत. तुझ्या सत्रात तू कोणता सहअभ्यासक्रम नोंदवला आहेस, हेही त्याच फेरीत विचारून घे. बाबांना हे आवडेल. तू मात्र श्रेयांकांसाठी नाटक करू नकोस, त्यासाठी सोपे मार्ग पुष्कळ आहेत.

वसतिगृहाच्या फाटकाचा प्रश्न तालीम सुरू होण्यापूर्वी सुटला पाहिजे. साडेसातला तालीम संपून आठला पोहोचणे पहिले तीन आठवडे जमेल, नंतर जमणार नाही. सरांच्या सहीचे, तारखा आणि वेळा लिहिलेले पत्र अधीक्षिकांना आधीच द्यावे आणि उशीर होणार असलेल्या दिवशी त्यांना फोन करावा. परत येताना एकटीने येऊ नये, त्याच बाजूला राहणाऱ्या मुलींसोबत निघावे. तालीम महाविद्यालयाच्या आवारातच आणि शिक्षक असतानाच व्हावी, हा आग्रह तू पहिल्या दिवसापासून धर. ‘आज कोणाच्या तरी फ्लॅटवर बसू’ असा निरोप आला तर ‘मी उद्या आवारात येते’ एवढेच उत्तर द्यावे, त्यामागचे कारण सांगण्याची गरज नाही. कोणाचे वागणे खटकले तर प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असते, तिच्या सदस्य शिक्षिका कोण आहेत हे आजच सूचनाफलकावर पाहून ठेव. भाड्याच्या कपड्यांचा आणि प्रवासाचा खर्च कोण करणार, हेही विचार. पैशाचा प्रश्न विचारायला लाजल्यामुळे मध्येच संघ सोडून गेलेली मुले मी पाहिली आहेत.

हे सगळे करूनही वडील नाहीच म्हणाले तर त्यांना न सांगता तालमीला जाऊ नकोस. खोटे बोलून उभ्या राहिलेल्या माणसाचे लक्ष प्रयोगात नसते, आणि एका फोनने सगळे उधळले तर बाकीच्या अकरा जणांचे श्रम वाया जातात. अशा वेळी सरांना मुदतीत स्पष्ट नकार कळव आणि दिवसा होणारे काहीतरी एकच निवड. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तासांचे काम आणि खेड्यातील सात दिवसांचे शिबिर असते, आणि शेतकऱ्याच्या घरातील मुलगी त्या शिबिरात शहरातील मुलांच्या दोन पावले पुढे असते. भित्तिपत्रकाचे संपादक मंडळ असेल तर मी तेच सुचवीन, कारण दर महिन्याला त्याच पाच-सहा जणांबरोबर बसून मजकूर निवडणे, लिहिणे आणि चिकटवणे हीही एक तालीमच आहे. शिवाय हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेची नागपूर केंद्राची प्राथमिक फेरी होते, त्या हौशी नाटकांची तिकिटे विद्यार्थ्याला परवडतात. एक-दोन मैत्रिणींना घेऊन पाहून ये, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल.

होकार आला तर पहिल्या वाचनाला वेळेच्या दहा मिनिटे आधी पोहोच, म्हणजे बाके सरकवायला तू असशील आणि ओळख करून घ्यायला वेगळे काही बोलावे लागणार नाही. संहितेच्या प्रतीवर पेनाने काहीही लिहू नकोस. सोबत पेन्सिल आणि खोडरबर ने, कारण आज डावीकडून आत येणारे पात्र चार दिवसांनी उजवीकडून येते, आणि रंगीत तालमीपर्यंत ते निदान तीनदा बदलते.